एका नंबरानं वाढलेली बांगडी

आईच्या हाताची सूज पहिल्यांदा ओळखली ती कासारमामांनी. पुतणीच्या लग्नाचा चुडा भरायला आम्ही खानापूरच्या बाजारात गेलो होतो. आईचा नंबर वर्षानुवर्षं दोन-चार. डाव्या हातात बांगड्या सरसर गेल्या, उजव्या हातात मात्र एकही जाईना. मामांनी साबण लावला, बोटं दाबून पाहिली आणि थांबले. "आक्का, ह्या हाताला दोन-सहा लागतील. हात सुजलाय काय ओ?"

आईच्या उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. काखेतल्या गाठी काढल्या होत्या, नंतर रेडिएशनही झालं होतं. "हात जड जड वाटूलालाय गे," असं ती दोन महिने म्हणत होती. मी म्हणायचे, काम जास्त झालं असेल, जरा बस. जड वाटणं हीच अशा ऑपरेशननंतर हाताला येणाऱ्या सुजेची पहिली खूण असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी बायका ऑपरेशन करून घरी येतात. हातात फाईल असते, पण त्यातलं काय आपल्या हाताबद्दल आहे ते समजावून सांगणारं कुणी नसतं.

आधी बांगडीचा हिशेब सांगते, तो खरोखर उपयोगी आहे. दोन-चार म्हणजे व्यास दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश. दोन-सहा म्हणजे वर सहा सोळांश. एका नंबराचा फरक घेरात मोजला तर जवळजवळ बरोबर एक सेंटिमीटर भरतो. फिजिओथेरपिस्ट टेपनं दोन्ही हात मोजतात आणि एकाच जागी दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक दिसला की सूज धरतात. म्हणजे बांगडीचे दोन नंबर. आईचा एकच नंबर वाढला होता, पण तो पंज्याजवळ होता. कोपराच्या वर मोजलं तेव्हा तिथं अडीच सेंटिमीटर निघाले. ज्या हातानं आपण जास्त काम करतो तो मुळातच किंचित जाड असतो, म्हणून दोन हातांची तुलना एकदाच करून भागत नाही. ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांची मापं लिहून ठेवली तर नंतर त्याच हाताची त्याच्या स्वतःच्या जुन्या मापाशी तुलना करता येते. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी हे एवढं तरी करावं.

या सुजेला लिम्फेडीमा म्हणतात. तो का होतो हे मला फिजिओथेरपिस्ट ताईंनी चित्र काढून दाखवलं, पण आईला ते भाताच्या खाचरावरूनच कळलं. आमच्याकडं पश्चिमेला पाऊस धो धो पडतो. एका खाचरातलं जादा पाणी बांधातल्या मोरीतून खालच्या खाचरात जातं, तिथून पुढच्या, शेवटी ओढ्याला. शरीरातही तसंच चालतं. रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर झिरपतं आणि पेशींना भिजवतं. त्यातलं बरंच परत रक्तात जातं. उरलेलं पाणी, त्यातली प्रथिनं आणि बारीकसारीक कचरा बारीक नळ्या उचलून नेतात. त्या पाण्याला लिम्फ म्हणतात. दिवसाला असं दोन-तीन लिटर पाणी मानेच्या बुडाशी मोठ्या शिरांत परत मिसळतं. वाटेत गाठी असतात, चाळणीसारख्या. काखेत अशा वीस ते चाळीस गाठी असतात आणि हाताचं बहुतेक सगळं लिम्फ तिथूनच जातं.

कॅन्सरची पेशी स्तनातून निघाली की बहुधा पहिल्यांदा याच गाठींत अडकते. म्हणून सर्जन काखेतल्या गाठी काढतात. जीव वाचवायला ते लागतं. पण त्यातून मोऱ्या कमी होतात. रेडिएशननं तिथली जागा घट्ट होते आणि उरलेल्या मोऱ्याही अरुंद होतात. पाणी येतच राहतं, जायला वाट अपुरी पडते. तरी सगळ्यांनाच सूज येत नाही, कारण शरीर आडवाटा काढतं. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाचांपैकी एका बाईला सूज येते. हल्ली लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये सर्जन आधी फक्त पहिल्या एक-दोन गाठी काढून तपासतात, त्याला सेंटिनल नोड तपासणी म्हणतात. तेवढंच झालं तर प्रमाण विसात एकाच्या आसपास राहतं. तुमचं ऑपरेशन व्हायचं असेल तर "माझ्या काखेतल्या किती गाठी काढणार? सेंटिनल चालेल का?" असं सर्जनला विचारायला संकोच करू नका. तो तुमच्या हाताचा प्रश्न आहे.

सूज बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, पण त्यानंतरही, पाच-दहा वर्षांनीही येऊ शकते. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त हात जड, ताणलेला वाटतो. ब्लाउजची बाही एका बाजूला घट्ट होते, अंगठी रुतते. मग दिसणारी सूज येते. बोटानं दाबलं की खड्डा पडतो आणि हात वर करून झोपलं की सकाळी उतरलेली असते. या टप्प्यावर उपाय सुरू झाला तर फार चांगला फरक पडतो. तसंच सोडलं तर पुढचं खाचरावरूनच समजून घ्या. साचलेल्या पाण्यात गाळ बसतो. लिम्फमधली प्रथिनं हाच तो गाळ. त्यामुळे आतले तंतू आणि चरबी वाढतात, हात टणक होतो, दाबल्यावर खड्डा पडत नाही आणि हात वर करून काही उतरत नाही.

गाळाचं हे कळलं की लघवीच्या गोळ्यांचा मोहही सुटतो. आईला तालुक्याच्या एका दवाखान्यात पाणी उतरवायची गोळी लिहून दिली होती. दोन दिवस हात हलका वाटला, मग होता तसाच, आणि वर थकवा. गोळी रक्तातलं पाणी काढते. हातातली प्रथिनं तिथंच राहतात आणि ती पुन्हा पाणी ओढून घेतात. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी ती गोळी लागत असेल तर जरूर घ्यावी, पण हाताच्या या सुजेवर तिचा उपयोग होत नाही. पाणी कमी प्यायल्यानं, डाळ-अंडी बंद केल्यानंही ही सूज उतरत नाही. वजन जास्त असेल तर ते हळूहळू कमी करणं मात्र खरोखर फायद्याचं, कारण जादा वजनानं सुजेचा धोकाही वाढतो आणि आलेली सूजही वाढते.

शेजारणींनी याला हत्तीरोग म्हटलं. कलबुर्गी-यादगीरकडं जो हत्तीरोग असतो तो डासांतून जाणाऱ्या जंतांमुळे होतो. आईचा हात कुणाला लागणारा नव्हता. तरी वर्षभर काही घरांत तिला भाकरी थापायला बोलावलं नाही, याचं तिला सुजेपेक्षा जास्त दुःख होतं. कुणाच्या घरी अशी बाई असेल तर एवढं लक्षात ठेवा, तिच्या हातचं खाऊन कुणाला काही होत नाही.

आता उपाय. ही सूज मुळापासून जाईल असं औषध नाही, पण ती उतरवता येते आणि उतरलेली ठेवता येते. उतरवण्याचे पहिले दोन ते चार आठवडे रोज फिजिओथेरपिस्टकडं जावं लागतं. आधी हलक्या हातानं मसाज करतात. याला मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज म्हणतात. 1930 च्या दशकात एमिल व्होडर या डॅनिश माणसानं ही पद्धत बसवली. आपल्या मालिशीसारखा जोर यात अजिबात नसतो, कातडी फक्त थोडी सरकते. ताईंनी हाताला आधी हातच लावला नाही, हे पाहून आई गोंधळली होती. त्या मानेपासून, दुसऱ्या बाजूच्या काखेपासून सुरुवात करत होत्या. मग आईच म्हणाली, "बरोबर हाय की, आधी खालच्या खाचराची मोरी मोकळी केल्याबगर वरचं पाणी कुठं जाणार?" क्रमही तसाच: आधी मान आणि छाती, मग खांदा, मग दंड, शेवटी पंजा, आणि प्रत्येक वेळी पाणी वरच्या दिशेनं. पोटातून खोल श्वास घेणंही यातच येतं, कारण लिम्फची मोठी नळी छातीतून वर जाते आणि श्वासानं तिला ओढ मिळते.

पण खरं काम पट्टी करते. बाजारात मिळणारी तपकिरी क्रेप पट्टी इथं चालत नाही. ती खूप ताणली जाते आणि हात स्वस्थ असतानाही आवळत राहते. इथं लागते ती कमी ताणाची पट्टी. हात स्वस्थ असताना ती फारसा दाब देत नाही. तुम्ही मूठ आवळली, स्नायू फुगला की मात्र ती भिंतीसारखी उभी राहते आणि स्नायू आणि भिंत यांच्यात लिम्फ पिळून वर ढकललं जातं. लिम्फच्या नळ्या स्वतः थोड्या आकसतात, पण त्यांना हृदयासारखा पंप नाही. स्नायूचं हलणं हाच त्यांचा मोठा पंप. म्हणून पट्टी बांधून हात गळ्यात अडकवला तर अर्धा उपयोग वाया जातो. आत सुती मोजा, मग बोटांना अरुंद पट्टी, कापसाचा किंवा फोमचा थर, मग पंज्यापासून काखेपर्यंत पट्ट्यांचे थर. पंज्याकडं दाब जास्त, वर कमी. बांधल्यावर नख दाबून सोडायचं, ते लगेच गुलाबी झालं पाहिजे. बोटं बधिर, निळी पडली, मुंग्या आल्या तर पट्टी ताबडतोब सोडायची. हे मी शिकले तेव्हा पहिले चार दिवस माझी पट्टी दुपारपर्यंत घसरून कोपरात गोळा व्हायची. पाचव्या दिवशी टिकली. घरातल्या एकानं तरी हे शिकून घ्यावंच, कारण उद्या हात पुन्हा भरला तर दवाखाना गाठेपर्यंत घरीच बांधता येतं.

आपल्या भागात अडचण अशी की ऑपरेशन एका गावी, रेडिएशन दुसऱ्या गावी, आणि घर तिसरीकडं. कुणी कोल्हापूर-मिरजेला जातं, कुणी हुबळीला, कुणी बंगळूरच्या किदवईला, कुणी परळच्या टाटाला. तपासणीला तिकडं जावं, पण रोजच्या पट्टीसाठी महिनाभर मुंबईत राहणं कुणाला जमतं? म्हणून तिथूनच विचारून घ्यावं की लिम्फेडीमाचं शिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट आमच्या जवळ कुठं आहे. मोठ्या हॉस्पिटलांच्या आणि मेडिकल कॉलेजांच्या फिजिओथेरपी विभागात आधी चौकशी करावी.

हात उतरला की दाबाची बाही, म्हणजे स्लीव्ह. ती हाताच्या मापानं घ्यायची, आणि हात उतरल्यावरच घ्यायची, सुजलेल्या मापावर नव्हे. सकाळी उठल्या उठल्या घालायची, झोपताना काढायची. पंजा सुजत असेल तर बरोबर हातमोजा लागतो, नाहीतर पाणी पंज्यात उतरतं. वरची कड कधी दुमडायची नाही. दुमडली की तिथं दोरी आवळल्यासारखं होतं आणि खालचं सगळं अडतं. स्लीव्हची वीण साधारण सहा महिन्यांत सैल पडते. चढवायला सोपी झाली, की समजायचं तिचं काम संपलं. स्लीव्ह रोज धुवावी लागते, आणि आषाढात खानापुराकडं काहीच वाळत नाही. ओली स्लीव्ह घालून कातडी खराब करून घेण्यापेक्षा दोन स्लीव्ह घ्याव्यात. धुतल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि पंख्याखाली पसरायची. चुलीवर किंवा इस्त्रीनं वाळवायची नाही, वीण मरते. पैसे लागतात हे खरं. पण घरात एका वेळी एवढाच खर्च झेपत असेल, तर महागड्या तेला-लेपांऐवजी तो स्लीव्हवर करावा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले ती. ऑपरेशन झालेल्या बाईला सगळे म्हणतात, त्या हातानं काही करू नको. मीही म्हणत होते. आईकडून कळशी काढून घेतली, लाटणं काढून घेतलं. ती दिवसभर हात मांडीवर ठेवून बसायची आणि हात संध्याकाळपर्यंत आणखी भरायचा. पूर्वी डॉक्टरही असंच सांगत. 2009 मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. हाताला सूज असलेल्या 141 बायकांपैकी निम्म्यांकडून देखरेखीखाली, स्लीव्ह घालून, हळूहळू वाढवत वजनं उचलून घेतली होती. त्यांचे हात वाढले नाहीत. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. हे वाचल्यावर ताईंनी आईला भाकरी थापायला परत का बसवलं ते मला कळलं. स्लीव्ह घालून, पाण्याची अर्धा लिटरची बाटली उचलण्यापासून सुरुवात. आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, म्हणजे खांदा आखडत नाही. उशीवर हात उंच ठेवून मूठ उघड-मीट करायची. ज्या दिवशी हात जड वाटेल त्या दिवशी कमी, पण बंद नाही. निपाणीकडं विडी वळणाऱ्या बायकांची बोटं दिवसभर चालतात, पण खांदा आणि कोपर तासन्‌तास एकाच जागी राहतो. त्यांनी अर्ध्या-पाऊण तासानं उठून दोन्ही हात डोक्यावर नेऊन दहा वेळा मूठ आवळावी. ऊस भांगलणाऱ्यांनी आणि भात लावणाऱ्यांनी कामाला जावं, पण पूर्ण बाहीचा शर्ट आणि रबरी हातमोजे घालून.

हातमोज्यांवर एवढा भर देण्याचं कारण कातडी. साचलेल्या पाण्यात जंतू फार लवकर वाढतात. उसाच्या पातीचा ओरखडा, विळीचं लागणं, चुलीचा चटका, चिखलात भिजून फाटलेली बोटाची बेचकी, एवढंही पुरतं. काचेची बांगडी पिचून लागली तरी तेच. आईला एकदा बोरीचा काटा रुतला आणि रात्री हुडहुडी भरून ताप आला. सकाळी हात लाल आणि तापलेला होता. याला सेल्युलायटिस म्हणतात. हे दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, अँटिबायोटिक लगेच सुरू व्हायला हवं. ताप आणि लाली उतरेपर्यंत पट्टी आणि मसाज बंद, शेक तर मुळीच नाही. प्रत्येक अशा तापानं उरलेल्या मोऱ्या आणखी खराब होतात. म्हणून रोज अंघोळीनंतर हात कोरडा करून, बोटांच्या बेचक्याही पुसून, खोबरेल तेल किंवा साधं क्रीम लावायचं. खरचटलं तर साबणपाण्यानं धुऊन औषध लावायचं. बिब्बा लावणं, डाग देणं, जळवा लावणं हे कुणीही, कितीही मायेनं सुचवलं तरी करू देऊ नका. त्यातूनच जखम होते आणि जखमेतून ताप.

हात अचानक एक-दोन दिवसांत खूप सुजला, निळसर झाला, ठणका लागला, किंवा काखेत, मानेत, छातीवर नवी गाठ लागली, तर ती नेहमीची सूज समजून पट्टी बांधत बसू नये. शिरेत रक्ताची गुठळी किंवा आजार परत येणं ही कारणं डॉक्टरांनी आधी तपासून घ्यायची असतात. पट्टी-स्लीव्ह करूनही हात ताब्यात येत नसेल तर आता लिम्फची नळी शिरेला जोडण्याच्या, गाठी दुसरीकडून आणून बसवण्याच्या किंवा साचलेली चरबी ओढून काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होतात. बऱ्याच जणींना त्यानंतरही स्लीव्ह लागतेच, हे आधी विचारून घ्यावं.

बांगड्यांचं काय केलं, असं मला बऱ्याच जणी विचारतात. मोकळं मनगट आईला सोसवेना, आणि ते मला समजतं. आता डाव्या हातात भरगच्च हिरव्या दोन-चार, उजव्या हातात पंज्यावरून सहज निघणारी एकच धातूची बांगडी, तीही स्लीव्हवरून. महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी, स्लीव्ह घालण्याआधी मी टेप लावते. मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर, वर दहा सेंटिमीटर. वही तीच, टेप तोच.

शेवटी भाषेचं. सुई टोचणं, बीपीचा पट्टा बांधणं यानं सूज येतेच असं नव्या अभ्यासांत दिसलेलं नाही, पण ज्या हाताला सूज आहे त्यात टोचणं टाळलेलं बरं. दुसरा हात आहे, तो द्यावा. आई एकदा तापात सरकारी दवाखान्यात एकटी होती. नर्सबाई कानडी. आई उजवा हात पुढं करून "सूज हाय, सूज हाय" म्हणत राहिली. कानडीत सूजी म्हणजे सुई, इंजेक्शन. नर्सबाईंना वाटलं ही इंजेक्शनच मागते आहे, आणि त्यांनी त्याच हाताची शीर शोधायला घेतली. दोघींचीही चूक नव्हती. सुजेला कानडीत बावु म्हणतात. फिजिओथेरपिस्ट ताईंनी तेव्हापासून आईच्या पिशवीत एक कार्ड ठेवलं आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, आणि आईकडून ते पाठही करून घेतलं आहे: "ई कैगे बावु बंदैती. ई कैगे सूजी बेड, बीपी बेड." या हाताला सूज आली आहे, या हाताला सुई नको, बीपी नको.